फावल्या वेळाचे गणित आणि त्याचा ताळा

सरकारी कचेरीत ज्याने नोकरीची पहिली काही वर्षे काढली आहेत, त्यास ताळ्याचे महत्त्व निराळे सांगावयास नको. एकाने बेरीज करावी, दुसऱ्याने ती पहिल्याचा कागद न पाहता पुन्हा करावी, आणि दोन्ही आकडे जुळले म्हणजेच तिसऱ्याने खाली सही करावी, हा नियम आपल्यापैकी बहुतेकांच्या अंगवळणी पडलेला असतो. तो कंटाळवाणा खरा. क्वचित तो आपल्यावरील अविश्वास म्हणून मनास लागतोही. परंतु गेल्या तीस वर्षांत विज्ञानाने जी प्रचंड गणिते उरकली, त्यांपैकी कित्येक याच साध्या नियमाच्या आधाराने उभी राहिली, हे फारसे कोणाच्या ध्यानी आलेले नाही. ही गणिते कोणा एका महायंत्राने केली नाहीत. जगभरच्या लक्षावधी सामान्य माणसांनी आपापल्या घरचे संगणक फावल्या वेळात त्यांच्या कामास लावले. करणारे एकमेकांस अनोळखी होते, यंत्रे लहानमोठी होती, आणि करून घेणाऱ्यास यांपैकी कोणाचीही खात्री नव्हती. अशा स्थितीत उत्तर विश्वासार्ह कसे ठरले, याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

ही कल्पना यंत्रयुगातली, असा सामान्यतः समज असतो. वस्तुतः ती अडीचशे वर्षांची जुनी आहे. १७६५ साली नेव्हिल मॅस्केलिन हे इंग्लंडचे राजज्योतिषी झाले. भर समुद्रात जहाजाचे रेखांश चंद्र व तारे यांमधील अंतरावरून काढावयाचे, तर चंद्राची स्थाने आगाऊ गणून छापलेली हवीत. यासाठी मॅस्केलिन यांनी १७६७ या वर्षापासूनचे नाविक पंचांग सिद्ध केले. त्यातील गणित एका कचेरीत बसून होत नसे. गावोगावचे शाळामास्तर, पाद्री, जमीनमोजणीदार अशा मंडळींस टपालाने सूचना व कोष्टके पाठवीत, आणि ती मंडळी आपल्या घरी बसून एकेका महिन्याचे गणित करून परत धाडीत. या माणसांना इंग्रजीत ‘काँप्युटर’ म्हणत. एकच गणित दोघांकडे स्वतंत्रपणे जाई, आणि दोघांची उत्तरे तिसरा तपासनीस ताडून पाही. १७७० च्या सुमारास असे उघडकीस आले की, दोघे गणक परस्परांची उत्तरे उतरवून घेत आहेत. दोघांचे आकडे तंतोतंत जुळत होते. पण तो जुळण्याचा देखावा होता. दोघांसही काम सोडावे लागले. ताळा घेणारे हात एकमेकांपासून खरोखर स्वतंत्र नसतील, तर ताळ्यास काही अर्थ उरत नाही, हा त्या प्रकरणाचा धडा होय.

याच मंडळींत श्रॉपशायरमधील लडलो या गावच्या मेरी एडवर्ड्स होत्या. काम त्यांच्या पतीच्या नावे येई, मोबदलाही त्यांच्याच नावे मिळे. १७८४ मध्ये पती वारले तेव्हा कळले की, गणिताचा बहुतेक भार आरंभापासून या बाईंनीच उचलला होता. पुढे कित्येक वर्षे त्यांनी ते काम स्वतःच्या नावाने केले. घरबसल्या केलेल्या अशा गणिताच्या इतिहासात खरा हात कोणाचा आणि नाव कोणाचे, हा प्रश्न पहिल्यापासूनच आहे.

आपल्या देशातही ‘काँप्युटर’ हा शब्द यंत्राच्या आधी माणसासाठीच रूढ होता. महात्रिकोणमितीय सर्वेक्षणात १८३१ साली गणक म्हणून लागलेले राधानाथ सिकदार पुढे त्या खात्याचे मुख्य गणक झाले, आणि ‘शिखर १५’ची, म्हणजे आजच्या एव्हरेस्टची, उंची काढण्याच्या कामात त्यांचा वाटा होता. स्वातंत्र्योत्तर काळातही केंद्र सरकारच्या सांख्यिकी खात्यांत या नावाची कनिष्ठ पदे होती. तेव्हा संगणकाच्या इतिहासाचा पहिला अध्याय आपल्यासारख्याच कारकुनांचा आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

आता यंत्रांकडे वळू. १९९० नंतरच्या दशकात घरोघरी संगणक आले. त्यांच्यातील प्रोसेसर सेकंदास कोट्यवधी क्रिया करू शके. पण त्यांचा मालक त्यावर पत्र लिही किंवा हिशेब मांडी. लिहिणाऱ्याच्या दोन अक्षरांमधील क्षणात प्रोसेसरची लक्षावधी चक्रे रिकामी फिरत. ही वाया जाणारी शक्ती एकत्र करावी, हा विचार अनेकांस सुचू लागला. परंतु या यंत्रांच्या गणितावर कितपत विसंबावे, याची एक मोठी परीक्षा आधीच झाली होती.

अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात लिंचबर्ग कॉलेजात टॉमस नाइसली हे गणिताचे प्राध्यापक होते. ज्यांच्यात दोनाचेच अंतर आहे अशा जुळ्या मूळ संख्यांच्या व्यस्तांची बेरीज ते अनेक घरगुती संगणकांवर करीत होते. जून १९९४ मध्ये त्यांच्या आकड्यांत विसंगती दिसू लागली. आपले काही चुकले असेल असे धरून त्यांनी एकेक संशय महिनोन् महिने निवारला. अखेर असे ठरले की, जुन्या प्रोसेसरवर येणारे उत्तर बरोबर, आणि इंटेल कंपनीचा नवा पेंटियम मात्र काही विशिष्ट भागाकारांत चुकतो. प्रोसेसरच्या आत भागाकारासाठी जे कोष्टक कोरलेले असते, त्यातील पाच नोंदी गहाळ झाल्या होत्या. सामान्य माणसास हा दोष हजारो वर्षांतून एकदा जाणवेल, असे कंपनीचे प्रथम म्हणणे होते; परंतु डिसेंबर १९९४ मध्ये मागेल त्यास प्रोसेसर बदलून देण्याचे तिने मान्य केले, आणि ४७ कोटी ५० लाख डॉलरचा भार सोसला. नवे यंत्र जुन्यापेक्षा वेगवान होते, यात शंका नव्हती. पण त्याची चूक वेगाने सापडली नाही. तेच गणित दुसऱ्या यंत्रावर करून पाहिले, म्हणून सापडली.

यानंतर दीडच वर्षात, जानेवारी १९९६ मध्ये, जॉर्ज वोल्टमन यांनी मर्सेन संख्यांचा महाशोध आरंभिला. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यास ‘गिंप्स’ म्हणतात. दोनाच्या एखाद्या घातातून एक वजा केला असता जी संख्या येते ती कधी कधी मूळ संख्या असते. मारँ मर्सेन या फ्रेंच धर्मोपदेशकाने १६४४ साली अशा घातांची यादी दिली. तीत ६७ व २५७ हे घात चुकून आले होते, आणि ६१, ८९ व १०७ राहून गेले होते. दोनाचा ६७ वा घात वजा एक, या संख्येचे अवयव प्रत्यक्ष दाखविण्यास १९०३ साल उजाडले. तपासणाऱ्यास साधने नव्हती, म्हणून एका विद्वानाची यादी इतकी वर्षे अर्धीकच्ची राहिली. वोल्टमन यांनी हेच तपासणीचे काम जगभर वाटले. प्रत्येकास एक घात नेमून द्यावा, त्याच्या संगणकाने आठवडेच्या आठवडे गुणाकार करून ‘मूळ आहे’ किंवा ‘नाही’ एवढेच कळवावे, अशी ती व्यवस्था होती. ‘नाही’ हे उत्तर आले तरी काही काळाने तोच घात दुसऱ्या कोणाकडे पुन्हा तपासणीस जाई. नोव्हेंबर १९९६ मध्येच या उद्योगास पहिली नवी मूळ संख्या लाभली. त्याहून मनोरंजक गोष्ट अशी की, यातील गुणाकारांचा प्रोसेसरवर इतका ताण पडे की यंत्राची कसोटी पाहण्यासाठीच लोक तो कार्यक्रम चालवू लागले. जानेवारी २०१६ मध्ये इंटेलच्या तत्कालीन नव्या प्रोसेसरमधील एक दोष याच कार्यक्रमामुळे उघडकीस आला, आणि कंपनीनेही तो मान्य केला.

या चळवळीस लोकप्रियता मात्र आकाशाने मिळवून दिली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शास्त्रज्ञांनी १७ मे १९९९ रोजी ‘सेटी ॲट होम’ हा प्रकल्प सुरू केला. प्वेर्तो रिको बेटावरील आरेसिबो येथे ३०५ मीटर व्यासाची रेडिओ दुर्बीण होती. तिने टिपलेल्या लहरींत परग्रहावरील कोणा बुद्धिमंताचा संदेश आहे काय, हे शोधावयाचे होते. दुर्बिणीची नोंद चुंबकीय फितींवर होई, आणि त्या फिती टपालाने बर्कलीस जात. मॅस्केलिन यांचे टपाल येथे पुन्हा भेटते. तेथे त्या नोंदीचे लहान लहान तुकडे करीत. एका तुकड्यात सुमारे १०७ सेकंदांची आणि संपूर्ण लहरपट्ट्याच्या २५६ व्या भागाची नोंद असे. हा तुकडा घरच्या संगणकावर गेला की मालक उठून गेल्यावर प्रोसेसर त्यात बारकाईने शोध घेई. पृथ्वी फिरते म्हणून संदेशाची कंपनसंख्या हळूहळू सरकेल. तेव्हा सरकण्याचे हजारो संभाव्य वेग धरून तीच नोंद पुनःपुन्हा चाळावी लागे. आकाशातील एखादा बिंदू स्थिर दुर्बिणीच्या दृष्टीतून सुमारे १२ सेकंदांत ओलांडून जातो. म्हणून खरा संदेश तेवढ्या वेळात चढला व उतरला पाहिजे, हीही एक कसोटी होती. त्या काळच्या प्रोसेसरला अशा एका तुकड्यास कित्येक तास लागत.

पुढील काळात ५० लाखांहून अधिक लोकांनी यात भाग घेतला. इतक्या लोकांत सारेच साधू कसे असतील? कोणी किती तुकडे तपासले याची यादी प्रसिद्ध होई, आणि त्या यादीत वर चढण्यासाठी काहींनी काम न करताच उत्तरे धाडली. प्रामाणिक माणसांची तापलेली किंवा सदोष यंत्रेही चुकीची उत्तरे देत. उपाय जुनाच होता. एकच तुकडा निरनिराळ्या व्यक्तींस पाठवावा, आणि उत्तरे जुळली तरच ती धरावी. पुढे याच गटातील डेव्हिड अँडरसन यांनी २००२ पासून ‘बॉइंक’ ही सर्व प्रकल्पांस उपयोगी पडणारी सामायिक प्रणाली उभारली. तीत एका तुकड्याच्या दोन प्रती एकाच व्यक्तीकडे जाऊ नयेत, अशी तजवीज करता येते. १७७० मधील त्या दोन गणकांची आठवण कोणासही व्हावी. शिवाय निरनिराळ्या बनावटीचे प्रोसेसर दशांश अपूर्णांकांत अगदी शेवटच्या स्थळी किंचित भिन्न उत्तर देतात. त्यामुळे जुळणे म्हणजे नेमके किती जुळणे, हेही ठरवावे लागले. आणि काही प्रकल्पांत एका जातीच्या यंत्राचा ताळा त्याच जातीच्या यंत्राशी घेण्याची पद्धत आली.

उत्तर खरे कोणाचे, हे ठरले. परंतु श्रेय किती द्यावे, हा प्रश्न अधिक बिकट निघाला. बॉइंकमध्ये श्रेयाच्या एककास ‘कॉबलस्टोन’ म्हणतात. ‘व्हेटस्टोन’ नावाच्या चाचणीत सेकंदास १०० कोटी क्रिया करणाऱ्या यंत्राने पूर्ण दिवस काम केले, तर त्याच्या नावे २०० कॉबलस्टोन जमा व्हावेत, असे हे प्रमाण आहे. व्हेटस्टोन हे इंग्लंडातील लीस्टरशायर परगण्यातील एका गावाचे नाव आहे. आरंभी श्रेयाचा हिशेब सोपा होता: चाचणीत दिसलेला वेग गुणिले कामास लागलेला वेळ. पण काही कुशल मंडळींनी मूळ कार्यक्रम सुधारून तेच काम निम्म्या वेळात करून दाखविले, तेव्हा या हिशेबाने त्यांचे श्रेयही निम्म्यावर आले! शहाणपणाने काम लवकर संपविणाऱ्यास कमी आणि रेंगाळणाऱ्यास जास्त, हा अनुभव कचेरीतील वाचकांस अगदीच नवा वाटणार नाही. मग काहींनी चाचणीचे आकडेच फुगविले. अखेरीस एकाच तुकड्यावरील अनेकांचे दावे परस्परांशी ताडून पाहणे, आणि पुढे प्रत्यक्ष झालेल्या क्रिया मोजणे, हे मार्ग अवलंबावे लागले. यंत्राची ताकद आणि यंत्राने केलेले काम या दोन वस्तू निराळ्या आहेत, हे जाणण्यास बरीच वर्षे गेली.

ताकद मात्र झपाट्याने वाढत होती. ऑक्टोबर २००० मध्ये विजय पांडे यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात ‘फोल्डिंग ॲट होम’ सुरू केले. शरीरातील प्रथिनांची साखळी कशी दुमडते, हे अणूंच्या हालचाली क्षणाक्षणाने गणून पाहावयाचे, असा हा उद्योग होता. २००६ मध्ये त्याने चित्रे रंगविण्यासाठी बनविलेले प्रोसेसर, आणि २००७ मध्ये मुलांच्या खेळाची प्लेस्टेशन यंत्रे कामास जुंपली. एकाच जातीचा हिशेब हजारो जागी एकदम करण्यात ती पटाईत होती. २००७ च्या सप्टेंबरात या समूहाचा वेग सेकंदास एकावर १५ शून्ये इतक्या क्रियांपुढे गेला. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीत दारे बंद करून बसलेल्या जगाने आपले संगणक या कामास दिले, आणि वेगाचा आकडा एकावर १८ शून्ये यापलीकडे पोचला. एका ठिकाणच्या महासंगणकाने तो टप्पा अधिकृत चाचणीत ओलांडला तो २०२२ साली. अर्थात या दोन आकड्यांची सरळ तुलना करणे न्याय्य नव्हे. महासंगणकाची चाचणी अधिक अंकांच्या अचूकतेने होते, आणि त्याचे भाग एकमेकांशी क्षणोक्षणी बोलू शकतात. घरोघरच्या यंत्रांना तेच काम देता येते, ज्याचे तुकडे परस्परांवर अवलंबून नाहीत. आणखी एक गोष्ट त्या मार्चमध्ये घडली. हात इतके झाले की काम वाटणारे मेजच अपुरे पडले, आणि पुष्कळांची यंत्रे तुकड्याची वाट पाहत बसली.

या साऱ्यातून निष्पन्न काय झाले, असे कोणी विचारील. २०१० साली ‘आइन्स्टाइन ॲट होम’ या २००५ मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पात आरेसिबोच्या नोंदींतून एक नवा स्पंदक तारा सापडला. सुमारे १७,००० प्रकाशवर्षे दूर असलेला हा तारा सेकंदास ४१ वेळा स्वतःभोवती फिरतो. शोधाचे श्रेय अमेरिकेतील आयोवा राज्यातले एक दांपत्य आणि जर्मनीतील माइन्त्स येथील एक गृहस्थ यांस देण्यात आले. ताऱ्याची खूण असलेला तुकडा या दोन्ही ठिकाणी गेला होता. एकाने पाहिले आणि दुसऱ्याने ताडले. त्या दोघांनी एकमेकांस कधी पाहिलेही नव्हते. मेरी एडवर्ड्स यांच्यानंतर सव्वादोनशे वर्षांनी घरबसल्या गणकाचे नाव योग्य जागी लिहिले गेले, याचे मला तरी समाधान वाटते.

उलट सेटी ॲट होमने ३१ मार्च २०२० रोजी तुकडे वाटणे थांबविले. परग्रहावरील संदेश म्हणून सिद्ध झालेली एकही खूण त्यास मिळाली नाही. त्याच वर्षी १ डिसेंबर रोजी आरेसिबोची दुर्बीणही कोसळली. एकवीस वर्षांचे लक्षावधी लोकांचे श्रम वाया गेले काय? मला तसे वाटत नाही. अमुक जागी, अमुक काळी, अमुक तीव्रतेचा संदेश नव्हता, हे खात्रीने सांगता येणे हेही ज्ञानच होय. मात्र ते खात्रीने सांगता येते, कारण प्रत्येक ‘नाही’चाही ताळा घेतला होता.

या चळवळीचे रूप आता पालटले आहे, हेही सांगितले पाहिजे. जुना प्रोसेसर रिकामा असो वा कामात, वीज जवळपास सारखीच खाई. म्हणून फावला वेळ खरोखर फुकट होता. नवे प्रोसेसर काम नसले की झोपी जातात. त्यांना जागे ठेवावयाचे म्हणजे विजेचे बिल वाढते, आणि हे दान आता खिशातूनच करावे लागते. ऑक्टोबर २०२४ मध्ये गिंप्सला ४,१०,२४,३२० अंकांची मूळ संख्या मिळाली. परंतु ती कोणाच्या घरच्या संगणकावर सापडली नाही. एका अभियंत्याने अनेक देशांतील यंत्रागारांमधून हजारो शक्तिमान प्रोसेसर जमवून हा शोध घेतला. खूण दिसली ती डब्लिनच्या यंत्रावर, आणि तिला दुजोरा मिळाला तो अमेरिकेतील सॅन अँटोनियोच्या. यंत्रे किती बदलली! पण एकाने सांगावे आणि दुसऱ्याने दूर बसून ताडावे, हा क्रम चुकलेला नाही. २०२० पासून गिंप्सच्या उत्तरांसोबत गणिताचाच एक दाखला येऊ लागला, आणि तो तपासण्यास मूळ कामाच्या मानाने अत्यल्प श्रम पुरतात. पूर्ण गणित दुसऱ्याने पुन्हा करण्याची गरज त्यामुळे संपली. ताळ्याची गरज मात्र संपली नाही.

शेवटी एक स्वतःचा अनुभव सांगतो. उत्तरेकडील एका गावी बदलीवर असताना क्वार्टरमधील माझा जुना संगणक मी आइन्स्टाइन ॲट होमच्या कामास लावला होता. यादीत माझे नाव कोठेतरी तळाशी होते, आणि त्याचे मला काही वाटत नसे. मे महिन्यात एके दिवशी पाहतो तो माझ्या एका तुकड्यापुढे ‘अग्राह्य’ असा शेरा. दुसऱ्या कोणाचे उत्तर निराळे आले होते. तिसऱ्याकडे पाठविले, तर ते दुसऱ्याशी जुळले. मी यंत्र उघडले. पंख्यात वर्षभराची धूळ दाटली होती, आणि प्रोसेसर त्या उन्हाळ्यात भाजून निघत होता. अभिमानास किंचित धक्का बसला, हे नाकारीत नाही. मी धूळ झाडली, यंत्र पुन्हा लावले, आणि चार दिवसांनी पुढील तुकड्यासमोर ‘ग्राह्य’ हा शेरा वाचला. ज्या दोन अनोळखी माणसांनी माझी चूक वगळली, त्यांची नावे मला माहीत नाहीत. पण त्यांनी ती वगळली नसती, तर माझ्या बरोबर उत्तरासही कोणी विचारले नसते. त्या दिवसापासून कचेरीत माझ्या बेरजेखाली दुसऱ्याची सही पाहताना मला पूर्वीसारखे वाईट वाटत नाही.